उमरदऱ्याचा झोपाळा

उमरदरा
२ मार्च २०२५

दादा,

नमस्कार. फोनवर तू मला बंद करून ठेवलंस, पण पोस्टमनला बंद करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा कागद. आईला वाचून दाखवणार असशील तर आधी एवढं सांग, की मी जेवतो, अंग धड आहे, आणि दाढी ठेवलीय ती वाईट दिसते. म्हणजे ती पुढचं निवांत ऐकेल.

सध्या मी उमरदऱ्याला आहे. नगरपंचायत झाल्यापासून ह्या गावाला स्वतःची बाग आहे आणि त्या बागेचा राखणदार मी. हस. तुला सोडून निघालो तवा आधी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर ताटं धुतली. तिथून एका ट्रकवर क्लीनर म्हणून नांदेडपर्यंत गेलो. मग माजलगावकडं एका कारखान्याच्या फाटकावर उसाच्या बैलगाड्या रांगेला लावायचं काम. तिथं एक बैल होता, शिट्टी ऐकली की खाली बसायचा आणि अख्खी रांग तुंबायची. गाडीवान म्हणायचा, ह्याला पोलिसात घालायला पाहिजे होतं. असो. कुठंच दोन महिन्यांवर टिकलो नाही. इथं सातवा चालू आहे.

काम सोपं. सकाळी सहाला फाटक उघडायचं, झाडांना पाणी सोडायचं, बाकड्यांवर झोपलेली कुत्री उठवायची, आणि केबिनमधल्या वहीत रोज एक ओळ लिहायची: 'खेळणी तपासली. सुस्थितीत.' खाली सही.

पत्र लिहायला बसलो त्याचं कारण एक बाई आहे. तसलं काही मनात आणू नकोस, आईच्या वयाची आहे. छबुबाई. इथली नगरसेविका, आपल्यातलीच, तिच्या सासऱ्यापर्यंत घरात मेंढरं होती. जागा बाईसाठी राखीव पडली म्हणून नवऱ्यानं उभं केलं. निवडून आल्यावर नवरा सवयीनं पहिल्या सभेत शेजारी बसायला गेला, तर ही म्हणाली म्हणे, "पाटीवर नाव माझं हाय, अन् खुर्ची एकच हाय." नवरा बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बसला. अजून सभा असली की तिथंच बसतो. चांगला माणूस आहे, बिडी मागितली तर दोन देतो.

कामांची वाटणी झाली तेव्हा बांधकाम, पाणीपुरवठा मोठ्यांनी घेतलं. हिच्या वाट्याला महिला व बालकल्याण, आणि त्याच्या शेपटीला बाग. उपनगराध्यक्ष विजयसिंह आहेत, गाव त्यांना आबा म्हणतं. ते म्हणाले, बागेत काय असतंय, बाया अन् लेकरं, घ्या तुमाला. तिनं घेतली. आणि घेतली म्हणजे खरंच घेतली, दादा. आठवड्यातून दोनदा येते. नळ गळतो का बघते, बायांच्या संडासाला आतून कडी लागते का ते स्वतः आत जाऊन, कडी लावून बघते.

परवा आली तवा सोबत मोहनराव होते, नगरपंचायतीतले बांधकामाचे साहेब. लेकरांच्या कोपऱ्यात घसरगुंडी आणि झोपाळा आहे, त्यांना नवा रंग दिलाय, लाल-पिवळा. पाडव्याला त्या कोपऱ्याचं पुन्हा उद्घाटन आहे, तोवर दोर बांधून लेकरांना बंद. मोहनराव उभ्यानं सांगत होते, हे असं केलं, ते तसं केलं. ही ऐकत होती का नव्हती कोण जाणे. हिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि जमिनीवर बसली. बसली ती बसल्या बसल्याच सरकायला लागली. घसरगुंडीचा एक पाय धरून हलवला, पुढं सरकली, दुसरा हलवला.

आपली आई वाघुरीभोवती अशीच फिरत नाही का? जाळी लावून झाली, मेंढरं आत गेली, की उभं राहून कधी बघत नाही. बसत बसत जाते आणि एकेक खुंटी ओढून बघते. कोकराला दिसतंय ते उभ्या माणसाला दिसत नाही म्हणते. हिनंही तसंच काहीतरी शोधलं. घसरगुंडीखाली एक तार बाहेर आलेली, बरोबर तीन वर्षांच्या लेकराच्या डोळ्याशी. दगडानं ठोकून वाकवली आणि मोहनरावांना म्हणाली, "साहेब, तुमी बी बसा की जरा खाली." साहेबांची पँट इस्त्रीची होती. पण बसले.

जाताना मला विचारलं, "रोज बघतोस का रे हे समदं?"

मी म्हणालो, रोज.

"बरं," म्हणाली आणि गेली. वही उघडली नाही.

तुझा,
सिदू


उमरदरा
११ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

मागच्या पत्रात एक गोष्ट गाळली. ती वही मी रोज लिहीत नाही. महिन्याच्या एक तारखेला बसतो आणि अख्खा महिना लिहून टाकतो. दोन पेनं ठेवलीत, निळं आणि काळं, आलटून पालटून, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसतं. फेब्रुवारीत तंद्रीत तीस तारखेपर्यंत गेलो होतो. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मोहनराव महिनाअखेरीला येतात, वही बघतात, आणि तिच्यावरून वर नगरपंचायतीच्या कागदावर सही करतात. इथं सगळेच एकमेकांच्या सहीवर सही करतात. मला ते लई सोयीचं वाटायचं.

काल छबुबाई पुन्हा आली. ह्यावेळी एकटी, हातात खुरपं. झोपाळ्यापाशी बसली. चार खांबांचा लोखंडी सांगाडा आहे, चार लेकरं एकावेळी बसतात. लाल रंग असा चकाकत होता की त्यात तोंड दिसावं. तिनं खुरप्याच्या टोकानं खांबाचं बूड खरवडलं. रंगाचा पोपडा भाजक्या पापडासारखा सुटून आला. आत लोखंड नव्हतंच म्हण, तपकिरी भुगा. तिनं बोट घातलं तर बोट आरपार गेलं.

मी शेजारी उभा होतो. तिथं माती ओली होती. मी रोज सकाळी पाणी सोडतो ना, ते उतारानं येऊन नेमकं ह्या खांबांशी साचतं. सात महिने मी तो झोपाळा पाणी घालून कुजवला, दादा, आणि निळ्या-काळ्या पेनानं त्याला सुस्थितीत ठेवला.

तिनं चारही पाळणे वर गुंडाळून दोरीनं बांधले, माझ्याकडून पुठ्ठा मागितला आणि हळूहळू, एकेक अक्षर बघून लिहिलं: 'बसू नये. छबुबाई.' तो पुठ्ठा टांगला. माझ्याकडं एकदा बघितलं. तेवढ्यात एक म्हातारा मला विचारायला आला, की बागेत मोर येतो ते खरं का. येतो, लांडोरीही येते. त्याला बाभळीपर्यंत नेऊन जागा दाखवली. परत आलो तर ती गेली होती. मोर बघायला मी मुद्दाम गेलो का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गावभर झालंय आता. तिचं म्हणणं, सांगाडा उपसून नवा बसवा, तोवर झोपाळा बंद. आबांचं म्हणणं, पाडव्याचे पाहुणे ठरलेत, फलक छापलेत, एक खांब जरा गंजला तर सिमेंट थापा. वीस तारखेला सभा लावलीय. तिचं कुणी ऐकलं नाही, तर पाडव्याच्या दिवशी लेकरं त्याच झोपाळ्यावर बसणार.

सिदू


१९ मार्च, दुपार

दादा,

उद्या सभा. मला बोलावलंय.

आज सकाळी आबांनी चहाला बोलावलं होतं, त्यांच्या शेतात. माणूस वाईट म्हणून सोडून द्यावा तर तसंही नाही. चिकूची झाडं स्वतः फिरून दाखवली, कुठलं कलम कुठून आणलं ते सांगितलं. एका झाडाला त्यांच्या नातीचं नाव आहे, आरोही. ते झाड मात्र वांझ निघालं, ह्याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं. खुर्ची दिली, चहा स्वतः ओतला. मग म्हणाले, वही तुझी, सही तुझी. एकोणीस दिवस सुस्थितीत लिहिलंयस अन् मावशी म्हणतात कुजलंय. मग खोटं कोण?

मी कप खाली ठेवला.

"तुला खोटं बोलाया कोण सांगतंय," म्हणाले. "सभेत इचारतील सही कुणाची. तू म्हणायचं, माझी. हाय ना तुझीच? बास. खाली बसायचं." आणि मग उठता उठता म्हणाले, की राखणदाराची जागा कायम करायचा विचार चाललाय. वयात बसतोस तू.

तिथून आल्यापासून मी बाकड्यावर बसून आहे. कायम. मला, दादा. एका जागी, वर्दीसकट. आईला सांगितलं असतं तर तिनं गल्लीत साखर वाटली असती.

आता जे लिहितो ते आईला वाचू नकोस.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आपण माजलगावच्या अलीकडं, राधाकिशनच्या तोडलेल्या उसाच्या रानात मेंढरं घेऊन बसलो होतो. त्या संध्याकाळी आईला ताप होता म्हणून तू मला म्हणालास, खुंट्या बघून ये. मी रस्त्यावर गेलतो. तिथं एक गुजरातचा ट्रकवाला टायर बदलत होता, तो समुद्राच्या गोष्टी सांगत होता, मिठाची पांढरी शेतं वगैरे. मी त्याला जॅक धरून दिला. परत आलो तवा तू विचारलंस, बघितल्यास का. मी म्हणालो, बघितल्या, समद्या नीट हायेत. तू एक शब्द जास्त विचारला नाहीस.

मी एकही बघितली नव्हती. पहाटे अकरा कोकरं बाहेर पडली आणि लांडग्याच्या तोंडी गेली. जाळी कुत्र्यांनी तोडली हे मी सांगितलं. ती तुटलेली नव्हती, एका कोपऱ्यात खुंटी ठोकलेलीच नव्हती, मी उजाडायच्या आत ती ठोकली आणि जाळी दातांनी फाडली. तू माझ्या शब्दावर राधाकिशनच्या दारात गेलास, त्याची कुत्री म्हणून भांडलास, आणि त्याच्या माणसांनी तुझं कपाळ फोडलं. सात टाके. तुझी पट्टी निघायच्या आधी मी निघून गेलो. तुला वाटत असेल कामाला कंटाळून गेला. मला त्या पट्टीकडं बघवत नव्हतं.

'बघितल्या' म्हणालो तवा तू 'बरं' म्हणाला होतास. छबुबाईही तशीच 'बरं' म्हणाली.

एवढंच. मला जरा बाहेर जाऊन यायचंय.

सिदू


उमरदरा
२१ मार्च

दादा,

सभा झाली.

सभागृहाचं नाव मोठं, खोली आपल्या शाळेच्या वर्गाएवढी. पंखा आवाज करतो म्हणून बंद. मला दारापाशी उभं केलं. आधी तासभर गटारीवर भांडण झालं, त्यात एक नगरसेवक लई हसवतो, म्हणाला आमच्या वॉर्डात गटार रस्त्याच्या वर अन् रस्ता गटारीच्या खाली, आता टॅक्स कशाचा घ्यायचा ते ठरवा. मी पण हसलो.

मग झोपाळा निघाला. छबुबाई उठली. जास्त बोलली नाही, कागदात बांधून आणलेला तो गंजाचा भुगा टेबलावर ओतला. आबांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. वही मागवली आणि मोठ्यानं वाचायला लागले. एक मार्च, सुस्थितीत. दोन मार्च, सुस्थितीत. दहा तारखेपर्यंत लोक गालात हसायला लागले. आबा म्हणाले, हा भुगा कुठल्या भंगारातला हाय ते मावशींनाच ठावं, बागेतला राखणदार तर रोज बघतोय. मोहनराव खाली मान घालून बसले होते, मागच्या महिन्यांच्या कागदांवर त्यांचीही सही होती ना. छबुबाई उभीच होती. तिच्या बाजूनं बोलायला कुणी उठलं नाही.

"सिदू," आबा म्हणाले, "सही कुणाची?"

"माझी."

त्यांनी वही मिटायला घेतली. तिथंच खाली बसायचं होतं. मी म्हणालो, "सही माझी हाय. तपासलं न्हाई."

कुणीतरी मागून म्हणालं, काय बोलतो बे हा. मग मी थांबलोच नाही. एक तारखेलाच सगळं लिहितो म्हणालो. खोटं वाटत असेल तर पान उलटा, आज वीस हाय, एकवीसपासून एकतीसपर्यंत पण लिहून ठेवलंय. आबांनी पान उलटलं नाही. गटारवाल्या नगरसेवकानं उलटलं. वही हातोहात फिरली. आता कुणी हसत नव्हतं.

दादा, मला वाटलं होतं, आता छबुबाई काहीतरी चांगलं बोलेल. पोरगं खरं बोललं, असं काहीतरी.

ती म्हणाली, "मी ह्याला इचारलं होतं, रोज बघतोस का. रोज म्हनला. मी वही उघडली न्हाई, ती माझी चूक, तशी लिहून घ्या. पण ह्या माणसाला आता लेकरांवर ठेवता येत न्हाई. महिनाअखेरीला काढा."

ठराव तिनंच मांडला. पहिला ठराव सांगाडा उपसायचा, दुसरा मला काढायचा, तिसरा असा की तपासणीची वही केबिनमध्ये नाही तर फाटकावर टांगायची, येणाऱ्या बाईला वाचता येईल अशी. तिन्ही मंजूर झाले. मतं घेताना दुसरा आधी निघाला, त्याला आबांचा हात सगळ्यात आधी वर गेला, आणि मला काढायचं म्हणजे झोपाळा कुजलाय हे मान्य, म्हणून मग पहिल्यालाही वर करावाच लागला.

बाहेर मी टपरीपाशी उभा होतो. तिच्या नवऱ्यानं न मागता बिडी दिली. ती आली, माझ्या पुढून गेली, परत वळली.

"जेवलास का?"

न्हाई म्हणालो.

"जेव. उद्या खांब उपसायला माणसं येणारेत, तू बी पायजेस."

तुला हे कसं वाटेल माहीत नाही. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी आयुष्यात खूप लोक बघितले, फिरतीवर दिसतातच. रागावून सोडून देणारे पुष्कळ, कीव करून ठेवून घेणारेही पुष्कळ. माझं काम काढून घेऊन जेवलास का विचारणारं मी पहिलं माणूस बघितलं.

आज उपसले. चारातले तीन खांब बुडाशी गेलेले होते. तिसरा तर पहार लावायच्या आधीच माझ्या हातात आला. मोहनराव तो हातात घेऊन किती वेळ उभे होते. त्यांची पुतणी ह्याच बागेत येते, हे त्यांनी मला सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

सिदू


उमरदरा
३१ मार्च

दादा,

हे इथलं शेवटचं पत्र. उद्या सकाळच्या गाडीनं माजलगावकडं निघतोय. आधी राधाकिशनच्या दारात जाणार, त्याच्या कुत्र्यांवर जे घातलं ते परत घ्यायला. तो मारेल तर मारू दे. त्यानंतर तू 'ये' म्हणालास तर येईन. नाही म्हणालास तरी त्याला सांगून आलोय एवढं तुला कळवीन.

काल पाडव्याचं उद्घाटन झालं. पाहुणे आले, आबांनी घसरगुंडीपाशी फीत कापवली. भाषण चांगलं केलं, मुलांच्या सुरक्षिततेवर. छबुबाई मागं बायांत बसली होती. तिचं नाव फलकावर नाही, तो आधीच छापलेला. मी तिच्याकडं बघत होतो, तिला काही वाटतंय का म्हणून. तिचं लक्ष झोपाळ्याकडं होतं. नवा सांगाडा उभा केलाय, खांबांच्या बुडाला सिमेंटचे चौथरे, वर ओली पोती. आठ दिवस मी सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. झाडांच्या पाण्याला आता वेगळी चारी काढलीय, ती तिच्याच डोक्यातली.

आज ईद. कचेरीला सुट्टी, म्हणून मला वाटलं झोपाळा उद्या उघडेल, आणि उद्या मी नसेन. पण दुपारनंतर लेकरं यायला लागली. नवे कुर्ते, डोळ्यात सुरमा, खिशात खजूर. झोपाळ्याच्या दोरापाशी ओळीनं उभी राहिली. मी म्हणालो उद्या या. एक पोरगी म्हणाली, उद्या ईद न्हाई.

एवढ्यात छबुबाई आली. कुणी सांगितलं का आपणहून आली, माहीत नाही. पोती काढली. चौथऱ्याभोवती बसून फिरली, चारही. मग मला म्हणाली, "बस."

मला कळलं नाही.

"पाळण्यात बस अन् जोरात घे. लेकरांच्या आधी."

मी बसलो. एवढा दाढीवाला बाप्या, पाय जमिनीला लागतात म्हणून उचलून धरले आणि झोका घेतला. लेकरं टाळ्या वाजवायला लागली. मग जोरात घेतला. वर गेलो की बाभळीच्या शेंड्यापलीकडचं रान दिसायचं, त्या पलीकडं सडक, आणि सडकेवरून जाणारी गाडी. खाली आलो की छबुबाई दिसायची. एका खांबाशी बसली होती, हात बुडाला लावून. मग सरकत दुसऱ्याशी. मी वर-खाली होत होतो तेवढा वेळ तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. चारही खांब झाले तेव्हा हात झाडून उठली.

"उतर. सही कर."

मी म्हणालो, "मला तर काढलंय, मावशी."

"उद्यापासनं. आज तूच हायेस."

फाटकावर नवी वही टांगलीय. पहिलं पान कोरं होतं. मी तारीख घातली आणि लिहायला गेलो, तर काय लिहायचं तेच सुचेना. सात महिने जी ओळ डोळे झाकून लिहिली ती आठवेना, दादा. मग जे झालं तेच लिहिलं. झोपाळ्यावर स्वतः बसलो. छबुबाईंनी खालून चारही खांब बघितले. हलला नाही. सही केली. अक्षर वाईट आलं.

मागं वळून बघतो तर तिनं दोर सोडला होता, आणि लेकरं बसली होती.

सिदू